चिंता, ताण आणि झाडाखालची वीस मिनिटं

मन शांत व्हावं म्हणून मी पहिल्यांदा मुद्दाम झाडाखाली जाऊन बसले, तो प्रयोग सात मिनिटांत आटोपला. बाकावर टेकले, इकडेतिकडे पाहिलं, ‘हं, हिरवं आहे’ अशी मनात नोंद केली आणि मग डोक्यातला भुंगा घरी असतो त्याहून मोठ्यानं गुणगुणायला लागला. एका पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. छातीत धडधडत होतं, ते हृदयाचंच काही असेल का अशी शंका होती. त्यात ‘आपण इथे वेळ वाया घालवतोय’ ही तिसरी टोचणी. उठले आणि घरचा रस्ता धरला. निसर्गाचा आपल्याला काही उपयोग नाही, असा निकाल मी त्या दिवशी देऊन टाकला.

पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की गडबड माझ्या पद्धतीत होती. औषधाची गोळी घेतल्यासारखी मी गेले होते आणि गुण कधी येतो म्हणून घड्याळाकडे बघत बसले होते. नंतर वाचून, विचारून आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा जाऊन बसून जे कळलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. डोंगर चढायचा नाही, जंगल गाठायचं नाही, रजा काढायची नाही. जवळचं एखादं झाड, साधारण वीस मिनिटं, आणि तिथे गेल्यावर काहीही साधायचं नाही, एवढीच अट. ती पाळणं वाटतं तेवढं सोपं नसतं, म्हणून हा एवढा लांब लेख.

झाडाकडे बघून शरीरात काय होतं

ताणाला बहुतेक वेळा कारण असतं: अंगावर आलेलं काम, आजारपण, पैशांची ओढाताण. चिंतेला कारण लागतंच असं नाही. जे अजून घडलेलं नाही, कदाचित घडणारही नाही, त्याची तालीम ती आजच करून घेते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्यानं कुणी पहिल्यांदा उच्चारली, त्यानं कितीतरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत काढलेल्या असणार. शरीराला मात्र या दोन्हींतला फरक कळत नाही. मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग धोक्याची घंटा वाजवतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात उतरतात, हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, पचन मागे पडतं. समोर वाघ असो की बोलावणं आलेली बैठक, तयारी तीच.

ही घंटा ‘काही होत नाही गं’ असं स्वतःला बजावून थांबत नाही, हे चिंतेतून गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. शब्दांपेक्षा डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आलेल्या खबरीवर शरीराचा भरवसा जास्त. पानं हलताहेत, पक्षी आपापल्या नादात आवाज करताहेत, कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. अशी खबर काही मिनिटं सलग येत राहिली की हृदयाची गती आणि श्वास हळूहळू खाली येतात.

दुसरं कारण लक्षाशी निगडित आहे. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं लक्षाचे दोन प्रकार वेगळे काढून दाखवले. एक आपण रेटून लावतो ते: हिशेब तपासताना, वाहन चालवताना, कुणाचं तरी लांबलचक बोलणं ऐकताना. ते थकतं. दुसरं आपोआप, हलकेच वेधलं जातं: ढगांकडे, वाहत्या पाण्याकडे, वाऱ्यानं डोलणाऱ्या फांदीकडे. हे दुसरं चालू असताना पहिल्याला उसंत मिळते. चिंताग्रस्त माणूस दिवसभर पहिल्या प्रकारच्या लक्षानं स्वतःवरच पहारा करत असतो, त्यामुळे त्याला ही उसंत इतरांपेक्षा जास्त लागते.

याला पुरावे आहेत, आणि ते रंजक आहेत. रॉजर उलरिक या संशोधकानं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी चाळल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे बाबींत जुळणाऱ्या २३ जोड्यांची तुलना केली, तेव्हा झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेलेले आढळले. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली होती. हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ३८ जणांवर एक प्रयोग झाला. निम्मे दीड तास झाडाझुडपांतून चालले, निम्मे रहदारीच्या रस्त्याच्या कडेनं. झाडाझुडपांतून आलेल्यांचं तेच ते दळण दळणं कमी झालं होतं, आणि त्याच्याशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली होती. २०२२ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ६३ जणांच्या मेंदूचं चित्रण केलं. तासभर जंगलात चालून आलेल्यांच्या अमिग्डालाची सक्रियता कमी झालेली दिसली, गजबजलेल्या बाजाररस्त्यावरून चालून आलेल्यांची होती तशीच राहिली. हे प्रयोग लहान आहेत. त्यांवरून ‘चिंता बरी होते’ असं म्हणणं ओढूनताणून होईल, पण दिशा सगळ्यांची एकच आहे.

पायरी पहिली: जागा शोधा, आणि जवळचीच शोधा

इथेच बहुतेकांची गाडी अडते. निसर्ग म्हटलं की धबधबा, दरी, धुक्यातली पायवाट असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि मग ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ असं ठरतं. चिंता मात्र आज, आत्ता असते. उलरिकच्या रुग्णांना अंथरुणावरून काही झाडं दिसत होती, एवढंच.

घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून दहा मिनिटांच्या आत चालत पोचता येईल अशा तीन जागा कागदावर लिहा. बाग, नदीकाठ, शाळेमागचं मैदान, रस्त्याच्या कडेची झाडांची रांग, इमारतीमागचा दुर्लक्षित कोपरा, काहीही चालेल. मग तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच मिनिटं बसून या. बसल्यावर खांदे आपसूक खाली येतात का, एवढंच पाहायचं.

एक खूण मला फार उपयोगी पडली. पाठीमागे आधार आणि समोर मोकळं, अशी जागा माणसाला सुरक्षित वाटते. जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञानं १९७५ मध्ये हा विचार मांडला: आपण दिसणार नाही पण आपल्याला दिसेल, अशी जागा प्राणी शोधतो, आणि माणूसही प्राणीच. मैदानाच्या मधोमध बसून पाहा, आणि मग मैदानाच्या कडेला जाड बुंध्याला टेकून बसून पाहा. चिंतेनं पोखरलेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो. माझ्या पहिल्या दिवशीच्या बाकाच्या पाठीमागून लोकांची ये-जा सुरू होती. दर अर्ध्या मिनिटानं मी मागे वळून बघत होते.

जागा निवांत हवी, निर्मनुष्य नको. हाक मारली तर कुणाला तरी ऐकू जाईल इतपत वावर असावा. एकदा जागा ठरली की शक्यतो बदलू नका. रोज नवी जागा म्हणजे रोज नव्यानं अंदाज घेणं आलं, आणि त्यात तेच थकलेलं लक्ष खर्ची पडतं. शिवाय एकाच झाडाकडे महिनाभर पाहिलं की पालवी, गळती, किड्यांनी कुरतडलेली पानं, फांदीवर नव्यानं आलेलं घरटं असं काय काय दिसू लागतं, ते पाहुण्याला दिसत नाही.

पायरी दुसरी: वेळ ठरवा, पण ताणू नका

किती वेळ पुरे? याबाबतीत दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. ती १२० मिनिटं एका दमात घेतली की तुकड्यातुकड्यांनी, यानं फरक पडला नाही. अर्थात ज्यांची तब्येत बरी असते तेच जास्त बाहेर पडतात, हीसुद्धा यातली एक शक्यता आहे.

दुसरा अभ्यास त्याच वर्षीचा, मिशिगनचा. ३६ शहरवासी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, आपल्या आवडीच्या हिरव्या जागी निदान दहा मिनिटं गेले आणि आधी-नंतर लाळेचे नमुने देत राहिले. वीस ते तीस मिनिटांच्या टप्प्यात लाळेतलं कॉर्टिसॉल सर्वांत झपाट्यानं उतरलं. त्यापुढेही फायदा होत राहिला, पण त्याचा वेग मंदावला.

म्हणून आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं हे लक्ष्य ठेवा. बारा-पंधरा मिनिटांतच उठावंसं वाटलं तरी बिघडत नाही. फक्त ‘आज वेळ नाही, उद्या दुप्पट बसते’ हा हिशेब करू नका. तो मी केला आहे, आणि तो उद्या कधी उजाडत नाही.

दिवसातली कुठली वेळ? कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात निसर्गतःच सर्वांत जास्त असतं. ज्यांना डोळे उघडताच पोटात खड्डा पडतो, त्यांनी सकाळ निवडून पाहावी. सकाळचा उजेड रात्रीच्या झोपेलाही मदत करतो. पण जी वेळ रोजच्या एखाद्या सवयीला बांधता येते तीच टिकते: मुलांना शाळेत सोडून परतताना, कामावरून येताना, दुपारच्या जेवणानंतर.

पायरी तिसरी: फोनचं काय करायचं

फोन घरी ठेवता आला तर उत्तम. सुरक्षिततेसाठी जवळ हवा असेल तर आवाज बंद करून पिशवीच्या तळाशी. खिशात नको, कारण खिशातला फोन न वाजताही वाजल्यासारखा वाटतो. वीस मिनिटांनी गजर होईल अशी सोय करून ठेवा, म्हणजे ‘किती वाजले?’ हे बघायला तो बाहेर काढावा लागणार नाही. मिशिगनच्या त्या अभ्यासात फोन, वाचन आणि गप्पा या तिन्हींना मनाई होती, आणि दमवणाऱ्या व्यायामालाही.

छायाचित्रं काढायची नाहीत. पावलं मोजायची नाहीत. कानात गाणी नकोत. मनःशांतीचं ध्वनिमुद्रित मार्गदर्शनसुद्धा नको, कारण पक्ष्यांचा आवाज चालू असताना पक्ष्यांच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकणारे लोक मी पाहिले आहेत.

सोबत कुणी असेल तर आधीच ठरवून घ्या की पहिली पंधरा मिनिटं बोलायचं नाही. हे सांगायला अवघड वाटतं, पण एकदा सांगितलं की समोरच्यालाही हायसं वाटतं.

पायरी चौथी: पहिली दहा मिनिटं निभावणं

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि माझी सात मिनिटांची हार इथलीच. शांत जागी गेल्या गेल्या मन शांत होत नाही. उलट दिवसभर कामाच्या गलक्यात दबलेलं सगळं वर येतं. गढूळ पाणी भांड्यात ओतल्या ओतल्या अधिकच ढवळतं, निवळायला वेळ घेतं, तसंच. आपल्याला मात्र वाटतं की इथे येऊन त्रास वाढला, म्हणजे हे आपल्यासाठी नाही. दहाव्या मिनिटाच्या आधी हा निकाल देऊ नका.

तोवर काय करायचं? आधी चालायचं. शरीरात ॲड्रेनलिन उसळलेलं असताना त्याला गप्प बसवणं म्हणजे धावत्या बैलाला दाव्यानं खेचण्यासारखं आहे. बसायच्या जागेभोवती पाच-सात मिनिटं फेऱ्या मारा. सुरुवातीला पाय ज्या वेगानं पडतील त्या वेगानं, मग प्रत्येक फेरीत थोडं सावकाश. टाच टेकते, तळवा टेकतो, बोटं टेकतात, एवढ्याकडेच लक्ष. पायांखाली गवत आहे, माती आहे की खडी, हे बघत राहा.

मग बसा. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका. घाबरलेल्या माणसाला ‘खोल श्वास घे’ म्हटलं की तो भराभर मोठमोठे श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि तो आणखी घाबरतो. श्वास नेहमीसारखाच घ्या, फक्त सोडताना लांबवा. मनात चार आकडे मोजून आत, सहा मोजून बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, कारण शरीराला विसावा देणारी चेतासंस्था उच्छ्वासाच्या वेळी अधिक काम करते. असे आठ-दहा श्वास झाले की मोजणं सोडून द्या.

पायरी पाचवी: एक वस्तू, तीन मिनिटं

आता लक्ष कुठेतरी ठेवायला हवं, नाहीतर ते पुन्हा जुन्या जखमेकडे जातं. मी आधी डोळ्यांपासून सुरुवात करते. सर्वांत लांबचं जे दिसतं तिथे नजर सोडून द्यायची: क्षितिज, दूरच्या झाडाचा शेंडा, ढग. दिवसभर हातभर अंतरावरच्या पडद्याला चिकटलेले डोळे लांब बघताना सैल पडतात, कारण जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून आखडलेला डोळ्यांतला स्नायू तेव्हा मोकळा होतो. मग नजर हळूहळू जवळ आणत अगदी पायाशी.

पायाशी आली की एकच वस्तू निवडा आणि तीन मिनिटं तिच्याकडेच बघा. एक पान. बुंध्यावरची एक भेग. एक मुंगी. मुंगी सर्वांत चांगली, कारण ती हलते आणि आपल्याकडून तिला काहीही नको असतं. ती वाट कशी चुकते, दुसरी भेटली की क्षणभर थांबून डोकं कसं लावते, स्वतःपेक्षा मोठा तुकडा मागे मागे कसा ओढते, हे पाहताना मला एकदा कळलं की गेली दोन मिनिटं मी माझ्या आजाराचा विचार केलेला नाही. आठवड्याभरातली ती पहिली दोन मिनिटं होती.

कानांचंही तसंच. सर्वांत लांबचा आवाज शोधा, मग सर्वांत जवळचा, मग या दोन्हींच्या मधला. वाहनांचा आवाज येत असेल तर त्याच्याशी भांडू नका, तोही एक आवाज म्हणून मोजा. हातानं बुंध्याला स्पर्श करा, सालीचा खरबरीतपणा बोटांना कळू द्या (आधी किडे, काटे, चीक नाही ना हे पाहून). माती, ओली पानं, चुरडलेलं गवत यांचा वास घ्या. चव मात्र या यादीतून वगळा. अनोळखी पान, फळ किंवा अळंबी तोंडात घालू नका.

मधेच विचार येणारच. आला की त्याला मनात एका शब्दाचं नाव द्या, ‘काळजी’ किंवा ‘आठवण’ किंवा ‘कामं’, आणि परत मुंगीकडे. वीस मिनिटांत हे चाळीसदा करावं लागलं तरी ती बैठक फसली असं समजू नका. दर वेळी परत येणं, हाच यातला सराव आहे.

काही दिवस मन इतकं जड असतं की मुंगीही नको वाटते. अशा दिवशी उलटं करा: आपल्यापेक्षा खूप मोठं काहीतरी बघा. उंच झाडाखाली उभं राहून वर, किंवा मोकळ्या आभाळाकडे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वयस्क मंडळींना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला सांगितलं होतं. त्यांतल्या एका गटाला चालताना विस्मय वाटेल असं काही शोधायला सांगितलं. फिरताना काढलेल्या स्वतःच्या छायाचित्रांत या गटातली माणसं आठवड्यागणिक लहान आणि आजूबाजूचं दृश्य मोठं होत गेलं, आणि चेहऱ्यावरचं हसू रुंदावत गेलं. (छायाचित्रं काढू नका असं मीच वर म्हटलं आहे, पण संशोधकांना सूट.)

मधेच धास्ती उसळली तर

बसल्या बसल्या छाती धडधडायला लागली, घाम फुटला, आता काहीतरी भयंकर होणार असं वाटलं, तर जागेवरून पळू नका. भीतीचा हा झटका साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. पाय जमिनीवर घट्ट टेकवा, पाठ बुंध्याला लावा. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं हळू आवाजात घ्या, मग ऐकू येणाऱ्या तीन, मग हाताला लागणाऱ्या दोन. उच्छ्वास लांब. ओसरल्यावर आणखी पाच मिनिटं तिथेच थांबा. लगेच निघालात तर मन त्या जागेच्या नावावर भीती लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी पाय उचलत नाही.

मात्र छातीत दाबल्यासारखं दुखणं, ते हातात किंवा जबड्यात पसरणं, शुद्ध हरपणं यांतलं काही असेल, किंवा असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर त्याला चिंता समजून बसून राहायचं नाही. लगेच वैद्यकीय मदत घ्यायची.

पायरी सहावी: परतताना एक ओळ

गजर झाला की ताडकन उठू नका. अंग सैल करा, जिथून आलात तिकडे सावकाश चाला, फोन घरी पोचेपर्यंत बंदच. घरी आल्यावर एका छोट्या वहीत एक ओळ लिहा: तारीख, जाण्यापूर्वीची बेचैनी शून्य ते दहामध्ये किती, आल्यावर किती, आणि पाहिलेली एक गोष्ट. ‘७, ५, मुंगीनं पंख ओढत नेला.’ बस. मनोगत लिहायचं नाही.

या वहीचं महत्त्व पाऊसपाण्याच्या, कंटाळ्याच्या दिवशी कळतं. कॅनडातल्या ओटावामध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की बाहेर झाडांमधून चालल्यावर तुम्हाला किती बरं वाटेल? त्यांनी केलेले अंदाज प्रत्यक्ष अनुभवापेक्षा कमी निघाले. जाण्याआधी मन कायम कमी भाव सांगतं. चिंतेत तर ‘काही उपयोग नाही’ हेच त्याचं पालुपद. अशा वेळी स्वतःशी वाद घालण्यापेक्षा स्वतःच्याच अक्षरातल्या मागच्या दहा ओळी वाचणं बरं. काही ओळींत आकडा उतरलेला नसेल, एखाद्या दिवशी चढलाही असेल. तेही प्रामाणिकपणे लिहा.

पहिले चार आठवडे

पहिला आठवडा फक्त जागा ठरवण्यात आणि तीनदा दहा-दहा मिनिटं बसण्यात जाऊ द्या. दुसऱ्यात वीस मिनिटं करा. तिसऱ्यात चालणं-बसणं-बघणं हा क्रम अंगवळणी पडतो. चौथ्यात या तीन बैठकींखेरीज एखाद्या दिवशी तासभर लांब फेरी मारून पाहा, म्हणजे आठवड्याची १२० मिनिटं सहज भरतात. मध्ये खाडा पडला तर भरपाई करत बसू नका, पुढच्या ठरलेल्या दिवशी जा.

घराबाहेर पडणं जमत नसेल तर

आजारी माणसाची देखभाल, तान्हं मूल, अधू पाय, कामाच्या पाळ्या, कारणं खरी असतात. खिडकीतून एखादं झाड किंवा नुसतं आभाळ दिसत असेल तर खुर्ची तिकडे वळवा आणि पाचवी पायरी तिथेच करा. कुंड्या असतील तर आणखी चांगलं. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात लोकांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागकाम आणि निम्म्यांना अर्धा तास वाचन करायला सांगितलं. कॉर्टिसॉल दोघांचंही उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांचं जास्त, आणि मनही त्यांचंच पूर्ववत झालं. मातीत हात घालणं हे माझ्या मते बसून बघण्यापेक्षा काहींना जास्त मानवतं, विशेषतः ज्यांना रिकामे हात सहन होत नाहीत त्यांना. फक्त रोपं वाढवण्याची स्पर्धा लावून घेऊ नका. रोप मेलं तर मेलं.

बाहेरचीच भीती वाटत असेल, दाराबाहेर पाऊल टाकताच जीव घाबरा होत असेल, तर वीस मिनिटांचं लक्ष्य सोडून द्या. आज दारात उभं राहून दोन मिनिटं. ते सोपं वाटेपर्यंत तेच. मग फाटकापर्यंत, मग पहिल्या झाडापर्यंत, विश्वासातलं माणूस बरोबर घेऊन. भीती फारच जास्त असेल तर हे टप्पे समुपदेशकाच्या मदतीनं आखावेत.

ऊन, पाऊस, आणि इतर किरकोळ पण महत्त्वाचं

हवा छान असलीच पाहिजे असं नाही. मिशिगनमध्येच झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जण कडाक्याच्या थंडीत वनस्पती-उद्यानात चालले. त्यांना मजा आली नाही, पण परतल्यावर लक्ष आणि स्मरणाच्या चाचणीत त्यांचे गुण उन्हाळ्यात चाललेल्यांइतकेच सुधारले.

विजा चमकत असतील तर मात्र झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत जा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. कडक उन्हाची वेळ टाळा, पाणी जवळ ठेवा. दाट गवतात बसताना आधी काठी आपटा, पायात बंद बूट घाला, घरी आल्यावर गोचीड वगैरे चिकटलेली नाही ना पाहा. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत जागा बदला आणि आपली औषधं सोबत ठेवा. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरात एकाला तरी सांगून जा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

हे सगळं उपचारांच्या जोडीला आहे. चालू असलेली औषधं बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली तर त्रास होतो. काळजी सहा महिन्यांपासून बहुतेक रोज पोखरत असेल, झोप-भूक गेली असेल, कामावर किंवा नात्यांवर परिणाम होत असेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सहा महिने पूर्ण होण्याची वाट बघायचीही गरज नाही. जगण्यात अर्थ वाटत नाही, स्वतःला इजा करावीशी वाटते असे विचार येत असतील तर एकट्यानं झाडाखाली जाऊन बसायचं नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि तातडीची मदत घ्यायची.

भेटीला जाताना ती वही बरोबर न्या. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला डॉक्टरांसमोर माझी तरी बोबडी वळते. मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली, मंगळवारचे आकडे दर वेळी चढलेले का, असं विचारलं, आणि ज्या गोष्टीबद्दल मी वर्षभर कुणाशी बोलले नव्हते, ती तिथून निघाली.